कवटी स्त्रीची कीं पुरुषाची?

स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत मॉफट नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्याच्या उत्तरेस कार्लाइलहून एडिंबरोस जाणारा हमरस्ता एका खोल ओढ्यावरील पुलावरून जातो. ता. २९ सप्टेंबर १९३५ रोजीं, रविवारीं, सुटीसाठीं आलेली एक तरुणी या पुलाच्या कठड्याला टेंकून सहज खालीं पाहात उभी होती. पाण्याच्या कडेला तिला कांहीं गांठोडीं पडलेलीं दिसलीं, आणि त्यांपैकीं एकांतून माणसाचा हात बाहेर आलेला दिसला. त्या दिवशीं व पुढें कित्येक दिवस पोलिसांनीं तो ओढा, नदीचा कांठ आणि आसपासचें रान धुंडाळलें. तेव्हां मानवी देहाचे सुमारें ७० तुकडे हातीं आले. जुनीं वर्तमानपत्रें, चादरीचीं फाडलेलीं कापडें, लहान मुलाचे कपडे यांत ते गुंडाळलेले होते. त्यांत दोन मस्तकें होतीं. चेहऱ्यावरून ओळख पटूं नये म्हणून डोळे, कान, नाक, ओंठ यांसारखे भाग कापून टाकलेले होते.

पहिल्या पाहणींत एक देह पुरुषाचा व दुसरा स्त्रीचा असावा असा समज झाला, आणि तसाच तो वर्तमानपत्रांतून देशभर गेला. मॉफटपासून शंभराहून अधिक मैल दक्षिणेस लँकेस्टर हें शहर आहे. तेथील डाल्टन चौकांत राहणाऱ्या एका डॉक्टरनें ही बातमी आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईस वाचून दाखविली आणि हंसून तिला सांगितलें कीं, पाहा, हे तर एक पुरुष व एक बाई आहेत. आपल्या घरच्या त्या दोघी नव्हेत. पुढें न्यायालयांत त्या बाईच्या साक्षींतून ही हकीगत बाहेर आली.

या डॉक्टरचें नांव बक रक्स्टन. मूळचें नांव बख्त्यार रुस्तुमजी रतनजी हकीम. जन्म मुंबईस, १८९९ सालीं, एका पारशी कुटुंबांत. १९२२ सालीं त्यानें मुंबई विश्वविद्यालयाची वैद्यकाची पदवी मिळविली होती. विलायतेस गेल्यावर त्यानें नांव बदललें, लँकेस्टरला दवाखाना थाटला, आणि गोरगरीब रोग्यांत तो चांगलाच लोकप्रिय झाला. इझाबेला नांवाच्या स्कॉच स्त्रीशीं त्यानें संसार मांडला होता. तीन मुलें होतीं. बाहेर मनमिळाऊ असलेला हा गृहस्थ घरांत मात्र विलक्षण संशयी व तापट होता. १४ सप्टेंबरच्या रात्रीनंतर चौतीस वर्षांची इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी वीस वर्षांची मेरी रॉजर्सन या दोघीही कोणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या. तेव्हां बातमींतला तो एक शब्द, 'पुरुष', या डॉक्टरला केवढा दिलासा वाटला असेल याची कल्पना करतां येते. तो वैद्य होता. मृताची ओळख कशाकशावरून पटते हें तो शिकलेला होता. सुरीनें काढतां येण्यासारखें जें जें होतें, तें तें त्यानें काढलें. हाडें मात्र राहिलीं, आणि पहिल्या पाहणींतली चूक टिकते कीं नाहीं हें आतां त्या हाडांवर अवलंबून होतें.

हाडांवरून स्त्री-पुरुषभेद सांगण्याची विद्या जुनी आहे, आणि तिचा पहिला धडा असा कीं, आधीं कंबरेचीं हाडें मागावीं. मूल जन्मास येण्याची वाट या हाडांच्या कड्यांतून जाते. त्यामुळें तेथील भेद नुसता लहान-मोठेपणाचा नसून घडणीचाच असतो: स्त्रीच्या कंबरेचें कडें रुंद व उथळ, पुढील सांध्याखालचा कोन उघडा, पुरुषाचें अरुंद व खोल, कोन मिटलेला. १९६९ सालीं फेनिस या अमेरिकन अभ्यासकानें पुढील हाडावरच्या केवळ तीन खुणा पाहून शंभरांत पंचाण्णवांहून अधिक सांगाडे बिनचूक ओळखून दाखविले. परंतु कंबरेचीं हाडें नेहमीं सांपडतातच असें नाहीं. मॉफटच्या ओढ्यांतहि तसेंच झालें. दोन देहांपैकीं एकाचें धड सांपडलें. दुसऱ्याचें धड शेवटपर्यंत मिळालें नाहीं. अशा वेळीं प्रश्न कवटीला विचारावा लागतो.

कवटी हा प्रश्न ऐकून अडखळते. याचें कारण असें कीं, स्त्रीपणाचें वा पुरुषपणाचें कोणतेंहि खास काम तिला करावयाचें नसतें. मेंदू झांकणें, दांत धरणें, डोळ्यांना व कानांना आसरा देणें, हीं दोघांचीं कामें एकच. जो भेद पडतो तो वाढीच्या प्रमाणामुळें आणि स्नायूंच्या ओढीमुळें. मुलाचा आवाज फुटूं लागतो त्या वयांत त्याच्या चेहऱ्याचीं हाडेंहि मुलीच्या मानानें अधिक काळ वाढत राहतात. मानेचे व जबड्याचे स्नायू दांडगे झाले कीं, ते जेथें चिकटतात तेथें हाड उंचावतें व खडबडीत होतें. म्हणून प्रौढ पुरुषाच्या कवटींत भुंवयांवरची कमान पुढें आलेली दिसते. कपाळ मागें कललेलें असतें. कानाच्या पाठीमागें बोटाला लागणारा जो हाडाचा उंचवटा आहे तो जाड व लांब असतो. मानेच्या वरच्या टोंकाला, डोक्याच्या मागील बाजूस, एक गांठ हाताला लागते. हनुवटी चौकोनी असते. स्त्रीच्या कवटींत कपाळ उभें, कपाळावरचे दोन फुगवटे लहान मुलासारखे ठळक, डोळ्याच्या खोबणीची वरची कड धारदार, मागील गांठ अस्पष्ट आणि हनुवटी निमुळती. श्रोत्यांनीं स्वतःच्या भुंवयांवरून आणि कानामागून बोट फिरवून पाहिल्यास यांतील दोन-तीन गोष्टींचा पडताळा त्यांना आतांच घेतां येईल.

याच वर्णनावरून या विद्येच्या मर्यादाहि कळतात. वयांत न आलेल्या मुलांच्या कवटींत हा भेद उमटलेलाच नसतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाची कवटी हातीं आली तर तज्ज्ञानें गप्प बसणेंच इष्ट. उतारवयांत कित्येक स्त्रियांच्या कवटीवरील कमानी व उंचवटे जाड होत जातात, आणि वृद्ध स्त्री पुरुषांत गणली जाण्याचा धोका वाढतो. जन्मभर डोक्यावर किंवा मानेवर ओझीं वाहिलेल्या बाईची मान आणि कारकुनी केलेल्या पुरुषाची मान यांत अधिक बळकट कोणती, याचें उत्तर पुस्तकांत सांपडेलच असें नाहीं.

डोळ्यांनीं पाहण्यांत असा घोटाळा आहे, तर मग मोजून पाहावें, हा विचार साहजिकच सुचतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत कवट्या मोजण्याचें जणूं वेडच लागलें होतें. पॅरिस येथें पॉल ब्रोका यानें १८५९ सालीं मानववंशशास्त्राची सभा स्थापन केली आणि मोजमापांचे नियम घालून दिले. वांकड्या पायांच्या कंपासानें लांबी-रुंदी घ्यावयाची. कवटींत शिशाच्या गोळ्या भरून, मग त्या मापांत ओतून, तिच्या पोकळीचें आकारमान काढावयाचें. पुरुषाची कवटी सरासरीनें स्त्रीच्या कवटीहून सुमारें एक दशांशानें मोठी, ही गोष्ट या मापांतून पक्की झाली. येथपर्यंत सारें ठीक होतें. परंतु ब्रोकासारख्या विद्वानांनीं यापुढें उडी मारली आणि लहान कवटी म्हणजे लहान बुद्धि, असा सिद्धांत बसविला. स्त्रियांना उच्च शिक्षण कशाला, काळ्या लोकांना राज्यकारभार कशाला, अशा प्रश्नांचीं उत्तरें त्या शिशाच्या गोळ्यांतून काढण्यांत आलीं. शास्त्राच्या नांवावर खपलेल्या खोट्या मालांत याहून अधिक नुकसान करणारा माल क्वचितच सांपडेल.

त्या सिद्धांताला जबर तडाखा दिला तो एका बाईनें, आणि तोहि त्याच मोजमापांच्या बळावर. लंडन येथें कार्ल पिअर्सन या गणितज्ञाजवळ काम करणारी ॲलिस ली ही ती विदुषी. जिवंत माणसाच्या डोक्याचीं बाहेरून मापें घेऊन आंतील पोकळी किती असावी याचें गणित तिनें बसविलें. १८९८ सालीं डब्लिन शहरीं शरीरशास्त्रज्ञांची सभा भरली असतां तेथें जमलेल्या ३५ विद्वानांनीं आपलीं डोकीं मोजून दिलीं. लंडनच्या बेडफर्ड कॉलेजांतील विद्यार्थिनींचींहि डोकीं तिनें घेतलीं. मग सर्वांची एक यादी करून क्रम लावला. बासेल येथील कोलमान हा त्या काळचा नामांकित शरीरशास्त्रज्ञ. विद्वानांच्या यादींत त्याचें डोकें सर्वांत लहानांपैकीं निघालें, आणि कित्येक विद्यार्थिनींचीं डोकीं कित्येक प्राध्यापकांच्या डोक्यांहून मोठीं निघालीं. ज्या गृहस्थांनीं स्वखुशीनें डोकीं पुढें केलीं होतीं त्यांना आतां काय बोलावें हें सुचेना.

लीच्या यादींतून बुद्धीचा वाद निकालांत निघाला तो निघालाच. पण लिंगनिर्णयाच्या दृष्टीनें तींत आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. खळ्यावर जोंधळ्याच्या दोन राशी शेजारीं शेजारीं ओतल्या तर त्यांचीं शिखरें निरनिराळीं दिसतात, परंतु पायथे एकमेकांत मिसळून जातात. मधला दाणा उचलून हा कोणत्या राशींतला, असें कोणी विचारलें तर काय सांगावें? पुरुषांच्या कवट्या ही एक रास, स्त्रियांच्या ही दुसरी. सरासरी म्हणजे शिखरांमधील अंतर. न्यायालयांत येणारी कवटी मात्र एकटीच येते, आणि ती मधल्या मिसळीतली नाहींच, असें कोणी सांगावें?

या कोड्याला गणितानें जें उत्तर शोधलें त्याच्या इतिहासांत नागपूरचें नांव येतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९२० सालीं नागपुरास सायन्स काँग्रेसचें अधिवेशन भरलें होतें. तेथें प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनीं कलकत्त्याचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांना आपल्याजवळचीं कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांचीं शरीरमापें तपासून पाहण्याची विनंति केली. महालनोबीस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे. पण या कामानें त्यांना असें धरलें कीं, दोन मानवसमूह एकमेकांपासून किती 'दूर' आहेत हें अनेक मापांवरून एकदम कसें सांगावें, याच प्रश्नावर त्यांनीं पुढें वर्षानुवर्षें विचार केला, आणि १९३६ सालीं त्या अंतराचें सूत्र प्रसिद्ध केलें. जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तें त्यांच्याच नांवानें ओळखतात. त्याच १९३६ सालीं इंग्लंडांत रोनाल्ड फिशर यानें, दोन राशींतील मधला दाणा कोणत्या बाजूला टाकावा म्हणजे चूक कमींत कमी होईल, याची रीत छापली. तिची कल्पना अशी: कोणतेंहि एक माप घेऊन निवाडा करूं नये. लांबी, रुंदी, उंची, चेहऱ्याची रुंदी अशीं अनेक मापें घ्यावीं. जें माप भेद अधिक दाखवितें त्यास अधिक वजन द्यावें, जें कमी दाखवितें त्यास कमी. मग सर्वांची बेरीज एका ठराविक आंकड्याच्या वर गेली तर पुरुष, खालीं राहिली तर स्त्री. बाजारांत आंबे घेतांना गृहिणी एकट्या रंगावर न जातां रंग, वास, देंठ आणि हाताला लागणारा मऊपणा हीं सारीं एकदम जोखते. गणितानें तेंच केलें, फक्त प्रत्येक खुणेचें वजन आंकड्यांत बसविलें.

मॉफटचे तुकडे ज्यांनीं तपासले त्यांच्या हातीं हें हत्यार नव्हतें. कवटीच्या लिंगनिर्णयासाठीं तें नीट घासून तयार होण्यास आणखी सत्तावीस वर्षें लागलीं. १९६३ सालीं अमेरिकेंत जाइल्स व एलियट या दोघांनीं, ज्यांचें लिंग कागदोपत्रीं नोंदलेलें होतें अशा सुमारें चारशें कवट्यांचीं नऊ नऊ मापें घेतलीं. या कवट्या क्लीव्हलंड व सेंट लुई येथील विच्छेदनशाळांतून जमलेल्या संग्रहांतल्या होत्या. कवटीची लांबी, रुंदी व उंची, दोन्ही गालफडांमधील रुंदी, टाळूची रुंदी, कानामागच्या उंचवट्याची लांबी, अशीं तीं मापें. त्यांवरून त्यांनीं जीं सूत्रें बांधलीं त्यांनीं शंभरांत ८२ ते ८९ कवट्या बरोबर ओळखल्या. या सर्व मापांत गालफडांमधील रुंदी हें एकटें माप सर्वांत अधिक बोलकें ठरलें. पुढें अनेक देशांत तोच अनुभव आला.

शंभरांत ८२ ते ८९ हा आंकडा ऐकावयास बरा वाटतो. उलटून पाहिला तर तो असें सांगतो कीं, शंभरांत अकरा ते अठरा कवट्यांविषयीं हीं सूत्रें चुकलीं. आणि तेंहि ज्या लोकांच्या कवट्यांवरून तीं बांधलीं त्यांच्याच बाबतींत. थोड्याच वर्षांनीं तींच सूत्रें फिनलंडमधील कवट्यांना लावून पाहण्यांत आलीं तेव्हां शंभरांत सुमारें ६५ च बरोबर आल्या. नाणें उडवून शंभरांत पन्नास बरोबर येतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे पासष्टांची किंमत कळते. कारण उघड आहे. एका देशांतील पुरुषाची कवटी दुसऱ्या देशांतील स्त्रीच्या कवटीएवढी असूं शकते. आपल्याकडे तर पंजाबपासून केरळपर्यंत माणसाची उंची व बांधा इतका बदलतो कीं, अमेरिकेंतील गोऱ्या व निग्रो लोकांवरून बसविलेला आंकडा येथील कवटीला लावणें म्हणजे परक्या गांवच्या पायलीनें आपलें धान्य मोजणें होय. म्हणूनच हिंदुस्थानांतील न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांनीं पुढें निरनिराळ्या प्रांतांतील कवट्यांचीं मापें स्वतंत्रपणें घेण्यास आरंभ केला.

मापें चुकतात म्हणून डोळ्यावर भिस्त ठेवावी, तर डोळ्याचीहि एक खोड आहे. विल्टन क्रॉगमन हा अमेरिकेंतील नाणावलेला तज्ज्ञ. क्लीव्हलंडच्या संग्रहांतील ७५० सांगाडे त्यानें तपासले. सगळा सांगाडा समोर असतां एकहि चूक झाली नाहीं. केवळ कंबरेच्या हाडांवरून शंभरांत ९५, केवळ कवटीवरून ९२ निर्णय बरोबर आले, असें त्यानें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें. पण त्या संग्रहांत पुरुषांचे सांगाडे स्त्रियांच्या सांगाड्यांहून कितीतरी अधिक आहेत, हें त्याला आधींच ठाऊक होतें. जेथें शंका आली तेथें 'पुरुष' म्हणणें फायद्याचें होतें, आणि ही गोष्ट त्यानें प्रामाणिकपणें कबूलहि केली. पुढें १९७२ सालीं केनेथ वाइस यानें जुन्या दफनभूमींतून निघालेल्या सांगाड्यांच्या याद्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत प्रौढ पुरुषांची संख्या जितकी असावयास हवी त्याहून सुमारें १२ टक्क्यांनीं अधिक भरली. गांवोगांवच्या स्मशानांत पुरुषच अधिक पुरले असतील हें संभवत नाहीं. तेव्हां अर्थ एवढाच कीं, संशयित कवटी हातांत आली म्हणजे पाहणाराचें मन पुरुषाकडे झुकतें. स्त्री म्हणजे नाजूक, ही कल्पना हाड पाहण्यापूर्वींच त्याच्या मनांत बसलेली असते. कवटी जरा दणकट दिसली कीं ती पुरुषाची! मॉफटला झालेली पहिली चूकहि याच दिशेची होती.

ती चूक फार दिवस टिकली नाहीं. ग्लासगोचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश यांच्याकडे ते सारे तुकडे आले. त्यांनीं घाई केली नाहीं, आणि त्यांची खरी थोरवी येथेंच आहे. कोणता तुकडा कोणत्या देहाचा हें ठरविल्याशिवाय कोणता देह कोणाचा या प्रश्नाला त्यांनीं हात घातला नाहीं. एका मस्तकासोबत राहिलेले मानेचे मणके सांपडलेल्या धडाच्या मणक्यांशीं बरोबर जुळले. तो दुसरा देह ठरला. त्याचीं कंबरेचीं हाडें होतीं, तेव्हां तो स्त्रीचा याबद्दल वाद उरला नाहीं. पहिल्या देहास धड नव्हतें. तेथें कवटी, जबडा आणि हातापायांचीं हाडें यांवर भागवावें लागणार होतें, आणि या खुणा संभव सांगतात, खात्री देत नाहींत. पण तपासणारांनीं मांसाच्या सुट्या तुकड्यांचीहि मोजदाद केली होती. त्यांत स्त्रीचे स्तन तीन सांपडले. तीन ही संख्या एका बाईपुरती होत नाहीं. वर्तमानपत्रांतील पुरुषाला उभें राहण्यास आतां जागा उरली नाहीं.

पुढें वयाचा विचार. पहिल्या देहाच्या अक्कलदाढा व हाडांचे सांधे पाहून त्याचें वय अठरा ते पंचवीस, बहुधा वीस-एकवीस, असें ठरलें. दुसऱ्याचें पस्तीस ते पंचेचाळीस. एवढ्यांत पोलिसांनाहि एक धागा मिळाला. गांठोड्यांतील एका वर्तमानपत्राचा अंक ता. १५ सप्टेंबरचा, आणि तोहि मोरकॅम-लँकेस्टर भागापुरताच काढलेल्या खास आवृत्तीचा होता. त्या भागांतून कोणत्या दोन स्त्रिया नाहींशा झाल्या होत्या हें शोधण्यास मग फार वेळ लागला नाहीं. १३ ऑक्टोबर रोजीं रक्स्टनला अटक झाली.

यानंतर ब्रॅशनें जें केलें त्यामुळें हा खटला न्यायवैद्यकाच्या इतिहासांत अजरामर झाला. इझाबेलाच्या एका छायाचित्रांत तिच्या डोक्यावर मुकुटासारखा एक दागिना होता. तो दागिना मिळवून त्याचें माप घेण्यांत आलें, आणि त्या प्रमाणांत छायाचित्र खऱ्या चेहऱ्याएवढें मोठें करण्यांत आलें. मग दोन्ही कवट्या त्याच कोनांत बसवून त्यांचीं छायाचित्रें काढलीं, आणि एकावर एक ठेवून पाहिलीं. दुसरी कवटी इझाबेलाच्या चेहऱ्यांत नीट बसली; पहिली कांहीं केल्या बसेना. मेरीच्या छायाचित्रांशीं ताडून पाहतां नेमकें उलट झालें. येथें शब्द जपून वापरावे लागतात, आणि ते तसे वापरण्यांत आले. जुळलेल्या कवटीविषयीं 'ही तिची असूं शकेल' एवढेंच म्हणतां येतें, कारण तशाच घडणीचा चेहरा जगांत दुसराहि असेल. न जुळणाऱ्या कवटीविषयीं मात्र 'ही तिची नव्हे' असें ठामपणें म्हणतां येतें. पावलांचे सांचे करून दोघींच्या जोड्यांत घालून पाहिले, ते बसले. मेरीच्या बोटांचे ठसे घरांतील वस्तूंवरच्या ठशांशीं जुळले. एकेकटी घेतली तर यांतील बरीचशी खूण संभवाच्या पलीकडे जात नाहीं. लिंग, वय, उंची, चेहरा, पाऊल, ठसा असा एकेक संभव दुसऱ्यावर रचत गेल्यावर मात्र दुसऱ्या कोणा दोन स्त्रियांना तेथें वाव राहिला नाहीं.

आजच्या काळीं एवढें करावें लागत नाहीं, असें कोणी म्हणेल. दांताच्या किंवा हाडाच्या चिमूटभर भुकटींतून जनुकद्रव्य काढून स्त्री-पुरुषभेद ओळखण्याची रीत १९९० नंतर रूढ झाली. दांताच्या आवरणाशीं संबंध असलेलें एक जनुक स्त्री-पुरुष दोघांनाहि असतें. पण पुरुषांत त्याची एक प्रत किंचित् निराळ्या लांबीची असते, आणि त्या फरकावरून निर्णय होतो. पण भट्टींत जळालेल्या, वर्षानुवर्षें खाऱ्या किंवा दलदलीच्या पाण्यांत पडून राहिलेल्या हाडांतून तें द्रव्य नेहमीं मिळतेंच असें नाहीं. विमान कोसळतें, पूर येतो, आग लागते, आणि शेंकडों हाडें एकदम पुढें येतात, तेव्हां पहिली वांटणी अजूनहि हातानें, डोळ्यानें आणि कंपासानेंच करावी लागते. त्या वेळीं जाणता माणूस 'पुरुष' किंवा 'स्त्री' या दोन घरांतच सारें कोंबत नाहीं. 'बहुधा पुरुष', 'बहुधा स्त्री' आणि 'सांगतां येत नाहीं' अशीं आणखी तीन घरें तो मांडतो. या शेवटच्या घरांत कवटी ठेवण्यास धैर्य लागतें, कारण बाहेर पोलीस व नातेवाईक उत्तराची वाट पाहात उभे असतात.

रक्स्टनचा खटला मँचेस्टर येथें ता. २ मार्च १९३६ रोजीं सुरू झाला. इझाबेलाच्या खुनाचाच आरोप त्याच्यावर ठेवला होता. बचावाला नॉर्मन बर्केट यांच्यासारखा नामांकित वकील होता, आणि ओढ्यांतील ते देह त्या दोघींचे नव्हेतच, असें आरोपीचें म्हणणें होतें. खटला अकरा दिवस चालला. ज्यूरीनें सुमारें तासाभरांत दोषी ठरविलें. ता. १२ मे १९३६ रोजीं मँचेस्टरच्या तुरुंगांत त्याला फांशीं देण्यांत आलें. शेवटपर्यंत त्यानें गुन्हा कबूल केला नव्हता. पण अटकेच्या दुसऱ्याच दिवशीं, १४ ऑक्टोबर १९३५ रोजीं, त्यानें एक चिठ्ठी लिहून लखोट्यांत बंद केली होती, आणि आपण मेल्यावरच तो लखोटा फोडावा अशी सूचना देऊन तो बाहेर पोंचविला होता. फांशीनंतरच्या रविवारीं ती चिठ्ठी एका वर्तमानपत्रांत छापून आली. रागाच्या भरांत आपण इझाबेलास ठार केलें, मेरी त्या वेळीं तेथें होती, म्हणून तिलाहि मारावें लागलें, एवढाच मजकूर तींत होता.